एसएसडी, हार्ड डिस्क की मेमरी कार्ड : गाणं कशावर साठवलंय याने आवाज बदलतो का?

जवारी

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या सीडींचा बऱ्यापैकी संग्रह आहे. बहुतेक ख्याल, थोडी नाट्यपदं, थोडं वाद्यसंगीत. सगळ्या सीडी संगणकात उतरवून फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता दाबलेली फाईल) करून ठेवल्या आहेत आणि सध्या त्या एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत. छोटा पीसी, त्याला यूएसबीने डॅक (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग आवाज करणारी पेटी), पुढे ॲम्प आणि दोन बुकशेल्फ स्पीकर अशी मांडणी आहे.

डिस्क जुनी झाली म्हणून नवी बघायला गेलो. दुकानदाराने 'ऑडिओ ग्रेड' एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) दाखवली, सोबत वेगळा लिनिअर पॉवर सप्लाय. किंमत साध्या एसएसडीच्या कितीतरी पट. म्हणाला, "आवाज मोकळा होतो, तानपुरा मागे सरकतो, गायक पुढे येतो." माझा एक मित्र आहे, त्याच्या कानावर माझा विश्वास आहे. तोही म्हणतो की मेमरी कार्डावरचं गाणं हार्ड डिस्कपेक्षा वेगळं लागतं.

तर प्रश्न असा : फाईल तीच असेल तर ती कशावर ठेवली याने आवाज बदलतो का? बदलत असेल तर कुठल्या वाटेने? अनुभव सांगाच, पण कारणही सांगा. पैसे घालायची तयारी आहे, उगाच घालायची नाही.

रात्रपाळी

शून्य आणि एक. तेच बिट, तोच आवाज. त्या पैशांत मैफलींची तिकिटं काढा.

षड्जपंचम

रात्रपाळी, इतकं सोपं असतं तर जवारींच्या मित्राला फरक कशाला ऐकू आला असता? मलाही ऐकू आलाय. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली तेव्हा आलापातल्या थांब्यांमधली शांतता जास्त खोल वाटली. श्वास घेतल्याचा आवाज, तंबोऱ्याची तार सुटतानाचा शेवट, हे आधी झाकलेलं होतं ते उघडं झालं. मी रोज दोन तास बसून ऐकणारा माणूस आहे. "तुमच्या मनाचे खेळ" असं उत्तर देणाऱ्यांनी निदान आधी ऐकून बघावं.

मीटरवाला

जवारी, कारण विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन वाहिन्या. हिशेब केला तर सेकंदाला साधारण १७६ किलोबाइट. अगदी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाईल घेतली तरी सेकंदाला सव्वा मेगाबाइटच्या आतच. साधी लॅपटॉपची हार्ड डिस्क याच्या कितीतरी पट वेगाने वाचते, एसएसडी तर सेकंदाला ५०० मेगाबाइट सहज देते. त्यामुळे संगणक डिस्कवरून एक मोठा तुकडा उचलतो, मेमरीत ठेवतो आणि डिस्क पुढे बराच वेळ मोकळी बसते.

मग तो तुकडा मेमरीतून प्लेअरमध्ये जातो, तिथे फ्लॅक उलगडलं जातं, मग यूएसबीच्या पुडक्यांतून डॅकच्या स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात. तिथून पुढचा प्रत्येक नमुना कधी बाहेर पडायचा हे डॅकमधलं क्रिस्टल, म्हणजे त्याचं क्लॉक, ठरवतं. असिंक्रोनस यूएसबी म्हणतात ते हेच : डॅक संगणकाला सांगतो, आता जरा जास्त पाठव, आता जरा कमी. डिस्कने नमुना कोणत्या क्षणी वाचला याचा मागमूसही तिथे उरत नाही. नगरपालिकेचं पाणी दिवसातून दोनदा येवो नाहीतर चारदा, गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर नळाची धार सारखीच असते.

"जिटर" हा शब्द दुकानदार याच ठिकाणी वापरतात. डॅकच्या क्लॉकमधली थरथर ही खरी गोष्ट आहे, पण ती डॅकमध्ये असते, डिस्कमध्ये नव्हे. २००५ साली जपानमधल्या संशोधकांनी घेतलेल्या चाचण्यांत संगीतातला विस्कळीत जिटर ओळखायला काही शे नॅनोसेकंद लागले होते. आजच्या बऱ्या डॅकमधला जिटर एका नॅनोसेकंदाच्याही आत असतो.

षड्जपंचम

टाकी पटली. पण टाकीत गढूळ पाणी आलं तर? डिस्क वाचताना विजेची खळबळ होते. ती तारेतून डॅकपर्यंत पोचत नाही असं छातीठोक सांगता येईल का?

मीटरवाला

नाही, ते सांगता येणार नाही, आणि तोच या धाग्यातला कामाचा प्रश्न आहे. बिट गढूळ होत नाहीत. पण त्याच तारेतून ५ व्होल्टची वीज जाते आणि अर्थिंगही जोडलेलं असतं. डॅक यूएसबीच्या विजेवर चालत असेल आणि त्याच यूएसबी हबवर (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीवर) बाहेरची डिस्क फिरत असेल, तर डिस्कने मधूनमधून ओढलेल्या करंटचा ठसा डॅकच्या ॲनालॉग भागात उमटू शकतो. चांगल्या डॅकमध्ये तो गाळला जातो, स्वस्तातल्यात कधी कधी ऐकू येतो.

पण तो ऐकू येतो किरकिर, शीळ, गुणगुण अशा रूपात, आणि गाणं थांबवलं तरी राहतो. "गायक पुढे आला" असा तो कधीच येत नाही.

कॅसेटवेडी

सोनीच्या मेमरी कार्डाची आठवण झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी जपानमध्ये ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड जाहीर केलं होतं, वर चक्क 'प्रीमियम साउंडसाठी' असं छापलेलं. किंमत १८,५०० येनच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे साधारण १६० डॉलर. कार्ड वाचताना विजेचा गोंगाट कमी होतो असा दावा होता. त्याच सुमारास त्यांचा महागडा झेडएक्स२ वॉकमन (कॅसेटचा नव्हे, खिशातला डिजिटल प्लेअर) बाजारात आला होता, त्याच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून हे कार्ड आलं असावं.

म्हणजे मीटरवाला म्हणतात तीच वाट सोनीनेही सांगितली होती : बिट सुधारतात असं नाही, गोंगाट घटतो असं. वॉकमनमध्ये कार्ड आणि ॲनालॉग सर्किट हातभर तर सोडाच, बोटभर अंतरावर असतात, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नाही. पण मग गोंगाट किती होता आणि किती उरला याचे आकडे हवेत. मला ते त्या जाहिरातीत दिसले नव्हते.

रात्रपाळी

त्या कार्डावरून रात्री भैरव लावला तर उजाडायचं म्हणे :)

कॅसेटवेडी

आणि मल्हार लावला की कार्डाची वॉरंटी संपायची :))

स्पूलवाला

धागा वाचून राहवलं नाही. तुमचा प्रश्न डिजिटलचा आहे, पण साठवण म्हणजेच आवाज अशा काळात आमची पिढी वाढली. त्यामुळे आमच्या वयाच्या माणसाला "माध्यमाने आवाज बदलत नाही" हे पटायला जड जातं.

७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासून पुढची जवळपास पन्नास वर्षं ख्याल त्या तीन मिनिटांत बसवावा लागला. माध्यमाने नुसता आवाज नाही, गाण्याची मांडणी बदलली. विलंबित जवळजवळ गायब, आलाप आटोपशीर, ताना लवकर. पुन्हा तबकड्या नेमक्या ७८ च्याच वेगाने कापलेल्या असतील याचा भरवसा नाही. ८० वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली तर सूर अर्ध्या पट्टीच्या जवळपास उतरतो. अमुक बुवा कुठल्या पट्टीत गायचे यावर माणसं भांडतात, आणि दोघांकडे एकच तबकडी वेगवेगळ्या वेगाने फिरत असते.

फितीचं आणखी निराळं. रीळ गुंडाळून ठेवलं की एका वेढ्यावरची चुंबकीय छाप शेजारच्या वेढ्यावर उतरते. गवयाने सम गाठायच्या आधी तीच सम अगदी पुसट ऐकू येते. म्हणून जाणकार लोक रीळ उलटं, शेवट बाहेर ठेवून साठवायचे, म्हणजे तो पडसाद आधी न येता नंतर येतो आणि मुख्य आवाजात झाकला जातो. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, स्पूलची १९. त्या वेगात आणि फितीच्या रुंदीत सगळा फरक. हेडचा कोन जरा हलला की वरचे सूर मेले. आणि आपल्याकडचा पावसाळा! कोकणातल्या घरातून आलेल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी मी स्वतः पुसली आहे.

तर षड्जपंचम यांचा कान खोटा म्हणू नका. फक्त ज्या रोगाचं औषध शोधताय तो रोग डिजिटलमध्ये त्या जागी नाही.

लोकलप्रवासी

स्पूलवाला काका, सलाम. असं काही वाचायला मिळतं म्हणून इथे येतो.

माझा अनुभव गाडीतल्या पेनड्राइव्हचा. एक स्वस्तातला पेनड्राइव्ह होता, त्यावरची गाणी मधूनच टक्-टक् करत अडखळायची. तीच गाणी दुसऱ्या पेनड्राइव्हवर व्यवस्थित. मग याला "साठवणीने आवाज बदलला" म्हणायचं की नाही?

मीटरवाला

लोकलप्रवासी, म्हणायचं, आणि हे उदाहरण फार चांगलं आहे. डिजिटल साठवण बिघडते तेव्हा ती अशीच बिघडते : टक् आवाज, खंड, अडखळणं, नाहीतर फाईल उघडतच नाही.

फ्लॅकमध्ये संगीत छोट्या चौकटींत बांधलेलं असतं, साधारणपणे एका चौकटीत ४,०९६ नमुने, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. प्रत्येक चौकटीला स्वतःची तपासणी-बेरीज असते. एक बिट उलटला तरी ती चौकट नापास होते आणि बहुतेक प्लेअर तिथे क्षणभर गप्प होतात. न दाबलेल्या वेव्ह फाईलमध्ये वरच्या वजनाचा बिट उलटला तर कडक टिचकी ऐकू येते, सगळ्यात खालचा उलटला तर कुणालाच काही कळत नाही. एमपीथ्रीत चिवचिवाट होतो. पण अख्ख्या तासाभराच्या यमनमधला गंधार थोडा कमी गोड व्हावा, असे बिट कुठलीही डिस्क उलटवू शकत नाही. त्यासाठी लाखो बिट नेमक्या जागी, संगीताचा हिशेब ठेवून बदलावे लागतील.

शिवाय स्वस्त पेनड्राइव्हमध्ये खोट्या क्षमतेचा प्रकार असतो. ६४ जीबी दाखवतो, आत असतात ८. त्यापुढे लिहिलेलं सगळं हवेत. घेतल्याबरोबर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून वाचून बघा.

षड्जपंचम

बरं. मग सीडीचं काय? मूळ सीडी आणि तिच्यावरून जाळलेली (बर्न केलेली) प्रत यांत फरक ऐकू येतो असं सांगणारे शेकड्याने भेटतील.

मीटरवाला

इथे मी तुमच्या बाजूला थोडा सरकतो, कारण ऑडिओ सीडी ही डिस्कवरच्या फाईलसारखी नाही.

सीडीवर दोष सुधारायची सोय आहे, सर्क म्हणतात तिला. सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा खराब भाग ती पूर्ण भरून काढू शकते. त्यापलीकडे गेलं की प्लेअर अंदाज करतो : आधीचा नमुना आणि नंतरचा नमुना यांच्या मधलं काहीतरी टाकून देतो. तुम्हाला कळतही नाही की हे मूळ नाही. डेटा सीडीत प्रत्येक २,३५२ बाइटच्या खणातले २,०४८ च माहितीला वापरतात, बाकीच्यात सुधारणेचा आणखी एक थर असतो. ऑडिओ सीडीत तो थर नाही, सगळे २,३५२ संगीताला दिलेत.

म्हणून सीडी संगणकात उतरवतानाच खरी काळजी घ्यायला हवी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि ॲक्युरेटरिप दुसऱ्या लोकांनी त्याच सीडीवरून उतरवलेल्या प्रतीशी ताळा करून देतं. ताळा जमला की तुमची फाईल आणि दुसऱ्या कुणाची तरी फाईल बिटागणिक एक. त्यानंतर फ्लॅक स्वतःच्या पोटात मूळ आवाजाची एमडी५ खूण ठेवतं. दहा वर्षांनी, पाच डिस्का बदलून झाल्यावरही ती खूण जुळते की नाही हे तपासता येतं.

जवारी, तुमच्या सीडी अशा उतरवल्या होत्या का?

जवारी

निम्म्याअधिक ॲक्युरेटरिपने ताळा करून. काही जुन्या, छोट्या कंपन्यांच्या सीडी त्यांच्या यादीतच नव्हत्या.

मीटरवाला

त्या दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि खुणा जुळतात का बघा. जुळल्या तर निश्चिंत.

सिंगापुरी_तात्या

इकडे हाय-फाय प्रदर्शनांत हा सगळा बाजार डोळ्यांनी बघतो. संगीतासाठी खास नेटवर्क साठवण-पेट्या, खास नेटवर्क स्विच, खास एसएसडी. काही पेट्या सुंदर बनवलेल्या असतात, पंखा नाही, आवाज नाही, हाताळायला सुख. त्यासाठी कुणी पैसे मोजले तर मी नावं ठेवणार नाही. आवाज सुधारतो म्हणून मोजले तर मात्र पुरावा विचारीन.

पुराव्यावरून आठवलं. २००७ साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा अभ्यास आला होता. उच्च दर्जाची डिस्क सरळ एकदा आणि मध्ये सीडीच्या १६ बिटांची गाळणी घालून एकदा, असं लोकांना न सांगता ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. इथे तर बिटच वेगळे होते! आपण ज्याबद्दल बोलतोय तिथे बिटही तेच.

आणि २०२२ मधलं मोबाईल फिडेलिटी या एलपी काढणाऱ्या कंपनीचं प्रकरण. त्यांच्या एलपी म्हणजे शुद्ध ॲनालॉग अशी ख्याती. मग बाहेर आलं की बऱ्याच एलपींसाठी मूळ फितीवरून आधी डिजिटल प्रत काढली जात होती, तीही २०११ पासून. इतकी वर्षं जगभरच्या तयार कानांनी त्या एलपींची तारीफ केली होती. मला यातून कुणाची फजिती काढायची नाही. डिजिटल साठवण मध्ये आल्याने गाणं मरत नाही, एवढंच यातून मला दिसतं.

षड्जपंचम

तात्या, या चाचण्यांबद्दल माझा आक्षेप जुना आहे आणि तो ऐकून घ्या. तीस सेकंदांचा तुकडा, मग दुसरा तुकडा, मग बटण दाबा. राग असा ऐकतात का? बढत होऊ द्यावी लागते. पाऊण तासाने कान त्या सुरात भिजतो, तेव्हा लहानसहान गोष्टी कळायला लागतात. बटण दाबायच्या ताणात माझा कान मिटतो.

मीटरवाला

आक्षेप योग्य आहे. मग चाचणी तुमच्या पद्धतीने करू. न सांगता ऐकणं म्हणजे घाईने ऐकणं असं कुठे आहे?

घरातल्या कुणाला तरी सांगा की आठवडाभर अमुक डिस्क किंवा तमुक डिस्क लाव, पण मला सांगू नकोस, कागदावर लिहून ठेव. तुम्ही रोज तुमचे दोन तास ऐका आणि आपलं मत वहीत लिहा. वेळ लागेल, लागू द्या. छोट्या तुकड्यांची चाचणी करायची झाली तर १६ पैकी निदान १२ बरोबर यायला हवेत. नुसत्या नशिबाने तेवढे किंवा जास्त यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे.

दोन पथ्यं पाळा. एक, आवाजाची पातळी दोन्हीकडे तंतोतंत सारखी ठेवा. अर्ध्या डेसिबलने मोठं वाजलं तर कान त्याला मोठं न म्हणता "खुलं", "जिवंत" म्हणतो. फोनवर मेमरी कार्ड आणि आतली मेमरी यांत फरक वाटतो त्याचं कारण बऱ्याचदा दोन निराळी ॲप असतात : एकात पातळी जुळवणारं रिप्लेगेन चालू, दुसऱ्यात बंद. कधी फोन ४४.१ किलोहर्ट्झचं ४८ करून वाजवत असतो.

दुसरं पथ्य फार लोकांना माहीत नसतं. एकदा वाजवलेली फाईल संगणक मेमरीत धरून ठेवतो. तेच गाणं लगेच पुन्हा लावलंत तर ते डिस्कवरून येतच नाही. तुम्ही ज्या डिस्कचा आवाज ऐकताय असं समजता, ती कदाचित झोपलेली असते. फूबार२००० या प्लेअरमध्ये पूर्ण फाईल आधीच मेमरीत घेण्याची सोय आहे. ती चालू करा, गाणं सुरू करा, मग पेनड्राइव्ह उपटून हातात घ्या. गाणं शेवटपर्यंत वाजेल. पेनड्राइव्ह खिशात असताना आवाजात काय बदललं ते इथे येऊन लिहा.

रात्रपाळी

आमच्याकडे हे करून झालं. आई म्हणाली, "ते काढून घेतलंस तरी गातायत की बुवा!" :)

सांजधून

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. हार्ड डिस्कचा स्वतःचा आवाज! खरोखरचा, हवेतून कानात येणारा.

७,२०० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला १२०. म्हणजे १२० हर्ट्झची गुणगुण. मी काळी पाचमध्ये गाते. माझ्या तानपुऱ्याचा खर्ज साडे-एकशेसोळा हर्ट्झच्या आसपास लागतो. डिस्क त्याच्यापेक्षा अर्ध्या पट्टीने चढी! ती लाकडी शेल्फवर ठेवली की शेल्फच घुमायला लागतं. रियाजाला रेकॉर्ड लावून बसलं की सतत काहीतरी टोचत राहायचं, आणि कुठून ते कळायचं नाही. डिस्कखाली फोमचा तुकडा घातला, नंतर ती दुसऱ्या खोलीत ठेवून नेटवर्कवरून वाजवायला लागले, प्रश्न मिटला. एसएसडी लावल्यावर "शांतता खोल झाली" असं षड्जपंचम म्हणाले ते मला तरी शब्दशः खरं वाटतं. फिरणारी वस्तूच गेली ना.

स्पूलवाला

सांजधून, वा! हा गवयाचा कान.

मीटरवाला

सांजधूनताई, हा या धाग्यातला सर्वात चांगला प्रतिसाद. ५,४०० फेऱ्यांची लॅपटॉपची डिस्क ९० हर्ट्झवर बोलते, आणि वर हेड हलताना कुरकुर असतेच. आलापाच्या थांब्यात हे नक्की ऐकू येऊ शकतं.

जवारी

हे वाचून मी काल रात्री गाणं थांबवून, ॲम्प चालू ठेवून, स्पीकरला कान लावला. डिस्क काम करत असताना बारीक किरकिर येते. माउस हलवला तरी येते. शिवाय सतत एक घूं आहे. डॅक आणि डिस्क दोन्ही एकाच यूएसबी हबवर आहेत, पीसीचा अडॅप्टर दोन पिनांचा.

मीटरवाला

मग तुमचा रोग सापडला, आणि औषध त्या एसएसडीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. क्रमाने करा :

आधी हब काढा. डॅक थेट पीसीच्या एका पोर्टला, डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला. किरकिर कमी होईल. मग घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, म्हणून घूं बहुतेक ५० किंवा १०० वर असते. पीसी, डॅक आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शनवर आणा आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन असते पण तिच्यामागे तार नसते. अर्थची पिन कापून घूं घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतेल.

एवढ्यानेही राहिलं तर पीसीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर डॅकला ऑप्टिकलने जोडा. त्या केबलमधून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे पीसीची खळबळ त्या वाटेने डॅकपर्यंत पोचूच शकत नाही. ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर मिळतो.

कॅसेटवेडी

अवांतर : मिनीडिस्कची आठवण कुणालाच नाही? १९९२ ची. तिथे लोक म्हणायचे डिस्कमुळे आवाज बदलतो. बदलायचाच, पण डिस्कमुळे नव्हे. आत अ‍ॅट्रॅक नावाची दाबणी होती, सेकंदाला २९२ किलोबिट, सीडीच्या साधारण पाचवा हिस्सा. दोष दाबणीचा, नाव डिस्कचं. आजही कुणी "पेनड्राइव्हवर आवाज पातळ येतो" म्हणालं की आधी फाईल बघावी. बहुतेक वेळा ती कुणीतरी कुठून तरी पाठवलेली १२८ किलोबिटची एमपीथ्री असते.

लोकलप्रवासी

कॅसेटवेडी ताई, अगदी बरोबर. आणि एमपीथ्रीत सलग ख्याल दोन ट्रॅकमध्ये तोडलेला असला की जोडावर बारीक खंड पडतो. विलंबितातून द्रुतात जाताना नेमका तिथेच! फ्लॅकमध्ये तो पडत नाही, प्लेअर धड असेल तर.

षड्जपंचम

परत आलो. मीटरवाला यांनी सांगितल्याप्रमाणे मुलाला कामाला लावलं. त्याने डिस्का बदलायच्या, मी ऐकून वहीत लिहायचं. आठवड्यांची चाचणी अजून चालू आहे, पण एवढं आताच सांगण्यासारखं आहे.

दोन्ही डिस्का दुसऱ्या खोलीत, नेटवर्कवरून : मला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. दोन्ही डिस्का खोलीत, डॅकशेजारी, यूएसबीच्या विजेवर : हार्ड डिस्क मी दर वेळी ओळखली. मग मुलाने हार्ड डिस्कला तिचा स्वतंत्र अडॅप्टर दिला आणि ती फोमवर ठेवली. पुन्हा ओळखता येईना.

म्हणजे मी जे ऐकत होतो ते होतं. ते डिस्कच्या फिरण्यात आणि तिच्या विजेत होतं, तिच्यावरच्या फाईलमध्ये नव्हतं. सांजधून आणि मीटरवाला, दोघांचे आभार.

मीटरवाला

षड्जपंचम, इतकं नीट करून लिहिल्याबद्दल तुमचेच आभार. धाग्याच्या शीर्षकाला इतकं सरळ उत्तर मी तरी दिलं नव्हतं.

जवारी

हब काढला. किरकिर गेली. घूं अर्धी झाली, उरलेल्यासाठी इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय. ती महागडी एसएसडी घेत नाही. साधी चार टीबीची घेईन. उरलेल्या पैशांचं काय करावं?

सिंगापुरी_तात्या

स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर जाड पडदा, खाली सतरंजी. मग आणखी एक डिस्क, प्रतीसाठी.

स्पूलवाला

तात्यांचं दुसरं वाक्य अधोरेखित करा. आवाज बदलत नाही हे ठीक, पण साठवण एका दिवसात सगळं घेऊन जाऊ शकते. मैफलींच्या खासगी फितींचं डिजिटल करतोय मी सध्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. काही रिळं अशी आहेत की त्यांच्यावरचं गाणं दुसरीकडे कुठेही नाही. ते कशावर ठेवावं, एसएसडी की हार्ड डिस्क?

मीटरवाला

काका, कपाटात ठेवून द्यायचं असेल तर हार्ड डिस्क. एसएसडीत बिट म्हणजे विजेचा भार असतो, तो हळूहळू गळतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक-संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीची अपेक्षा इतकीच आहे की लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपल्यावर, वीज न देता, ३० अंशांला तिने एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ टिकेल, पण आपल्याकडचा मे महिना ३० अंशांवर थांबत नाही. पेनड्राइव्ह तर मुळीच नको.

दोन हार्ड डिस्क घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक घरी, एक दुसऱ्या गावी लेकीकडे किंवा भावाकडे. तिसरी प्रत क्लाउडवर. डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. सहा महिन्यांनी एकदा लावायची आणि फ्लॅकच्या खुणा तपासायच्या. सगळ्या फोल्डरची तपासणी एका आज्ञेत होते, मी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आणि रिळं टाकू नका. डिजिटल झालं तरीही.

स्पूलवाला

रिळं कशाला टाकीन. व्यनि करा, वाट बघतो. सिलिका जेल किती दिवसांनी बदलायचं?

सांजधून

काका, रंग बदलणारं घ्या. निळ्याचं गुलाबी किंवा केशरीचं हिरवं झालं की ओलावा भरला. मंद आचेवरच्या कढईत परतलं की पुन्हा चालतं, फक्त ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका. आमच्याकडे हार्मोनियमच्या पेटीत तेच असतं.